मोठा झाल्यावर केवढा, एवढं तरी लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत घरसजावटीच्या पानावर माशांच्या एका मोठ्या काचपेटीचं देखणं छायाचित्र होतं. सोफ्यामागे सहा फुटी टाकी, आत हिरवी झाडं आणि एकाच पाण्यात गोल्डफिश, एंजल, टायगर बार्ब, शिवाय दोन ऑस्कर. फोटो काढला तेव्हा सगळे जिवंत होते, याबद्दल वाद नाही. मला काळजी वाटली ती पुढच्या आठवड्याची. कारण हुबेहूब असाच फोटो मी माझ्या घरात काढला होता, मार्च २०२०च्या पहिल्या रविवारी.

मी टेलिफोन खात्यात ३१ वर्षं ऑपरेटर होते. जानेवारी २०२०च्या अखेरीस हजारो सहकाऱ्यांबरोबर मीही स्वेच्छानिवृत्ती घेतली. हाती आलेल्या पैशांचं काय करावं, यावर मुलाचं मत होतं फिक्स्ड डिपॉझिट, धाकट्या जावेचं मत पाटल्या. मी सहा बाय दोन बाय दोन फुटांची टाकी आणली. नुसतं पाणीच ६८० लिटरच्या आसपास, म्हणजे तेवढेच किलो. काच, वाळू, स्टँड वेगळं. तळमजल्यावर राहतो म्हणून निभावलं. जुन्या चाळीत लाकडी तक्तपोशीवर राहणाऱ्यांनी हा नाद करण्याआधी इंजिनीअरला विचारावं.

मासे घ्यायला कुर्ल्याला गेले. रविवारी तिथे शोभेच्या माशांचा बाजार भरतो, हे हौशी लोकांना सांगायला नको. साडीवर ब्लाउज पाहावा तशी मी रंग पाहत होते. चार गोल्डफिश, सहा टायगर बार्ब, चार एंजल, वीस निऑन टेट्रा, दोन ऑस्कर, ‘शार्क’ म्हणून दोन रुपेरी पिल्लं आणि काच साफ करणारा म्हणून एक सकर. ‘हे सगळे एकत्र राहतील ना?’ मी विचारलं. दुकानदार पिशवीत हवा भरता भरता म्हणाला, ‘सब साथ में रहता है, मॅडम.’ सगळेच जेमतेम दोन-दोन इंचांचे. बालवाडीतली मुलं पाहून त्यातला पैलवान कोण होणार, हे कुणाला कळतं?

चूक एकट्या दुकानदाराची नव्हती. टाकीत पाणी भरलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी मासे सोडले. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला तीन ते सहा आठवडे लागतात, हे मला माहीत नव्हतं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनवर दोन थेंब औषध टाकलं की काम झालं, एवढंच ज्ञान. त्यापायी जे गेले, ते माझ्या खात्यावर.

बाकीचे मात्र विजोडपणामुळे गेले. निऑन रोज सकाळी कमी भरत. वीसचे सतरा, सतराचे बारा. बाहेर उड्या मारल्या असतील म्हणून मी टॉर्च घेऊन सोफ्याखाली शोधत बसले. ते ऑस्करच्या पोटात होते. ऑस्कर दुष्ट नाही. तोंडात मावेल ते खाद्य, एवढाच त्याचा हिशेब. टायगर बार्बांनी एंजलच्या खालच्या दोऱ्यांसारख्या परांचे तुकडे पाडले. हे बार्ब दहा-बाराच्या टोळीत असले की आपापसात भांडतात. सहाच असले की पाठलागाला दुसऱ्याचे लांब पर शोधतात. हळू पोहणाऱ्या लांब परांच्या माशाबरोबर त्यांना ठेवणं म्हणजे लग्नात शालू नेसून गेलेल्या बाईला होळीच्या पोरांच्या मधे उभं करणं. आणि सकर? तो दिवसा काचेला चिकटून साधू. रात्री एंजलच्या चपट्या अंगाला चिकटून वरचा बुळबुळीत थर खरवडायचा.

दुकानात जाऊन चार शब्द सुनवावेत म्हणून मी निघणार, तोवर २५ मार्चला टाळेबंदी लागली. सगळं बंद. तीन महिने मी ती भांडणं समोर बसून पाहिली. शेवटी स्वयंपाकघरातल्या रॅकच्या प्लॅस्टिकच्या जाळ्या काढून नायलॉनच्या दोरीने बांधल्या आणि टाकीत आडवं पार्टिशन घातलं, एका खोलीत दोन भावांचे संसार मांडतात तसं. एका बाजूला ऑस्कर, दुसऱ्या बाजूला उरलेले. मेमध्ये पाणी ३२ अंशांवर गेलं आणि गोल्डफिश वर येऊन तोंडं उघडू लागले. हा मुळात गार पाण्याचा मासा, त्याला वीस-बावीस अंश बरे. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि गोल्डफिश घाणही भरपूर करतो. टाकीवर टेबलफॅन लावला की दोनेक अंश उतरायचे, पण दोन गेलेच. एंजलला त्याच उन्हाळ्याचं काही वाटलं नाही. तो ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, अठ्ठावीस अंशांत खुशाल असतो. म्हणजे एकमेकांना न खाणारे मासेसुद्धा एका पाण्यात नांदतील असं नाही.

‘शार्क’ची गोष्ट तर आमच्या कोळणीने उलगडली. दिवाळीच्या आधी ती दारात पाटी उतरवून पाणी प्यायला बसली होती. टाकीकडे पाहून हसायलाच लागली. ‘बाय, हा त बासा हाय!’ खरंच होतं. हॉटेलात बासा म्हणून काटे नसलेले जे तुकडे मिळतात, त्यातला बराचसा हा पंगास. मेकाँग नदीतला, मीटरभराहून मोठा होणारा. कळपाने राहतो आणि इतका घाबरट की दिवा लावला तरी काचेवर जाऊन आपटतो. सहा फुटांची टाकी त्याला न्हाणीघराएवढीसुद्धा नाही.

ऑस्कर जूनमध्येच पाच इंचांचे झाले होते. पुढे ते फूटभर होतात. एका ओळखीच्या हौशी गृहस्थांनी ते नेले. पंगास आणि सकर घेऊन मी दुकानात गेले, तर सल्ला मिळाला, ‘पवई में छोड दो.’ म्हणजे पवईच्या तलावात. पुष्कळ जण तेच करतात, पुण्य केल्यासारखं. सकर हा दक्षिण अमेरिकेतला मासा; दीड फूट होतो, अंगावर चिलखत, त्याला खाणारं इथे फारसं कुणी नाही. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळींत त्याने मच्छीमारांना हैराण केलं आहे. मी त्यांना बादलीत घालून परत आणलं आणि मोठं कुंड असलेल्या एका शाळेला दिलं. शाळेने तरी किती घ्यायचे?

भाच्याला आता मलावी सरोवरातल्या निळ्या-पिवळ्या सिक्लिडचा नाद लागला आहे. त्याला मी एवढंच सांगते की ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, ते त्या माशांचं पाणी. आपलं तानसा-भातसाचं पाणी मऊ, त्यात डाळ दोन शिट्ट्यांत शिजते, ते एंजल आणि टेट्राचं. दोघांना एकाच टाकीत घालायचं म्हणजे एकाला कायमचा परदेश.

तर मुद्दा असा. लहानपणी वडील आम्हाला मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात नेत. १९५१ साली उघडलेलं ते मत्स्यालय. तिथे मासा नुसता दाखवायचा होता, तरी पेटीवर नावाची पाटी असे. बाजारात तोच मासा विकायचा असतो आणि पाटीवर फक्त भाव. केंद्र सरकारने २०१७ साली मत्स्यपेट्यांच्या दुकानांसाठी लांबलचक नियम काढले आणि नंतर मागे घेतले. मला परवाने-तपासनीस नकोतच. कुर्ल्यात काय, क्रॉफर्ड मार्केटात काय, प्रत्येक टाकीवर भावाशेजारी तीन गोष्टी खडूने लिहाव्यात: मोठा झाल्यावर केवढा, किमान किती जणांत ठेवायचा, आणि कुणाबरोबर ठेवायचा नाही. दुकानदारांना हे सगळं पाठ असतं. माझ्या शेजारच्या काकांना ‘फ्लॉवरहॉर्न मासा लकी असतो’ हे सांगितलं गेलं. तो एकटाच ठेवावा लागतो, हे त्यांचे सहा मोली मासे गेल्यावर कळलं.

आपणही एक करू शकता. अशा छायाचित्राखाली गिऱ्हाइकांना भुलवणाऱ्या ओळीऐवजी माशांची वाढ छापा. नाहीतर माझ्या टाकीचा फोटो पाठवते. त्यात रंग कमी आहेत: एकत्र वाढवलेले पाच एंजल, त्यांच्या तोंडात न मावणारे पंधरा रमीनोज टेट्रा, चार मोती गुरामी, तळाच्या वाळूत कोरी जातीचे सहा मासे, आणि सकरचा पाच इंचांवर थांबणारा मिशाळ चुलतभाऊ. फक्त पंधरा दिवस थांबावं लागेल. एंजलची एक जोडी डाव्या कोपऱ्यात अंड्यांवर बसली आहे, बाकीच्या तिघांना तिने उजवीकडे हाकललं आहे आणि फ्लॅश पडला की अंडी स्वतःच खाऊन टाकते.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)
(कृपया नाव छापू नये. जाऊबाई आपलाच पेपर घेतात.)