हरळीचा हिशेब

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

गोल्फ क्लबच्या बजेटची फाइल आता तुझ्याकडे आली आणि पहिल्याच बैठकीत कमिटीने "मैदानाचा खर्च 15 टक्के खाली आणा" असं सांगितलं, हे वाचलं. हा आकडा कुठून आला ते विचारण्यात वेळ घालवू नकोस, असे आकडे हवेतूनच येतात. कात्री कुठे लावायची नाही, ते आधी ठरव.

तुमच्या ग्रीनवरची, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरची, टिफड्वार्फ जात ही आपल्या हरळीचीच संकरित बहीण. शेतकरी जिला खणून बांधावर फेकतो, तिच्यासाठी आपण पगारी माणसं ठेवतो! अठरा होलचं मैदान दीडशे एकर धरलं, तर त्यात ग्रीन जेमतेम अडीच एकर. पण साडेतीन-चार मिलिमीटरवर रोजची कापणी, खत, बुरशीनाशक, सगळा जीव तिथेच अडकलेला. खेळायला दहा येवोत की शंभर, गवत तेवढंच वाढतं. पावसाळ्यात तर उलटाच कारभार: खेळणारे घटतात आणि फेअरवेची, म्हणजे ग्रीनपर्यंतच्या लांब पट्ट्याची, कापणी संपता संपत नाही. म्हणून जमाखर्च महिन्यावार मांड. वर्षाची सरासरी काढलीस की जून ते सप्टेंबरचा खड्डा झाकला जातो.

कमिटीची पहिली नजर एरेशनवर, म्हणजे ग्रीनला भोकं पाडून वाळू भरण्यावर, जाईल. कारण सरळ आहे: पैसे जातात, दोन-तीन आठवडे ग्रीन देवीचे व्रण पडल्यासारखं दिसतं, सभासद ओरडतात, आणि एक वर्ष टाळलं तर वरून काहीच कळत नाही. तिथे हटू नकोस. हिशेब असा दाखव. 12 मिमीची पोकळ टाइन (भोक पाडणारी नळी), 75 मिमी खोल, दोन भोकांमध्ये 50 मिमी अंतर. एका फेरीत साडेचार टक्के पृष्ठभाग उचलला जातो. 500 चौ.मी.च्या ग्रीनला भोकं भरायला पावणेदोन घनमीटर वाळू, अठरांना मिळून साधारण 11 ब्रास. सांडलवंड आणि सरावाचं ग्रीन धरून 12 मागव. वाळू धुतलेली आणि पूर्ण सुकलेली हवी, दाणा पाव ते एक मिमी. ओली वाळू भोकाच्या तोंडाशीच अडकते आणि खाली पोकळी राहते. बारीक मातकट वाळू स्वस्त मिळेल, पण ती निचऱ्याचाच गळा दाबते. काम मे महिन्यात उरक, म्हणजे गवत जोमात असतं आणि पावसाआधी भोकं भरून येतात.

हे टाळलं तर मेलेल्या मुळाकाड्यांचा थर साचतो, स्पंजासारखा पाणी धरतो. मुळं वरच राहतात, यंत्राची पाती ओलसर थरात रुतून गवत सोलतात, जुलैत शेवाळ नि बुरशी. मग वाचवलेले पैसे औषधाला जातात आणि बाहेरून येणारा पाहुणा पुन्हा येत नाही.

पाहुण्यांच्या फीचंही तसंच आहे. दर दहा मिनिटांनी चौघे सोडले तर तासाला 24. सकाळचा 6.10 चा स्लॉट रिकामा गेला की एसटीच्या रिकाम्या सीटसारखा तो कायमचा गेला. म्हणून सूट द्यायचा मोह होतो. द्यायची तर दुपारची दे, सकाळची नको. आणि बुकिंगचं सॉफ्टवेअर "फुकट, बदल्यात रोजचे दोन स्लॉट द्या" असं कोणी म्हटलं तर ते दोन स्लॉट वर्षभराच्या दराने गुणून बघ. ते स्लॉट ती कंपनी स्वस्तात विकते. अमेरिकेत पुष्कळ मैदानांनी हा सौदा केला आणि स्वतःच्याच मैदानाचा स्वस्त विक्रेता समोर उभा केला.

अमेरिकेचं दुखणं मुळात वेगळं होतं. 1988 च्या सुमारास रोज एक नवं मैदान लागेल असा अंदाज तिथे मांडला गेला. बिल्डरांनी प्लॉट खपावेत म्हणून मैदानं आखली. प्लॉट संपले, बिल्डर गेला, पंप आणि पाइप मागे राहिले. 2006 पासून बरीच वर्षं उघडणाऱ्यांपेक्षा बंद होणारी मैदानं जास्त होती. 2016 मध्ये नायकीने गोल्फच्या काठ्या आणि चेंडू बनवणं थांबवलं. 2020 च्या साथीत मोकळ्यावरचा खेळ म्हणून गर्दी परतली, पण तोवर जुने पाइप तसेच होते.

जपानची गोष्ट मात्र तुमच्या कमिटीला मुद्दाम सांग. तिथे सभासदाकडून बिनव्याजी अनामत घेत आणि ती बहुतेक दहा वर्षांनी परत करायची असे. त्या पैशातून मैदानं बांधली. 1990 नंतर फुगा फुटला, सभासदत्वाचा बाजारभाव अनामतीच्या खाली गेला आणि सगळे एकदम पैसे मागायला आले. पैसे तर मातीत गेले होते! शेकडो कंपन्या दिवाळखोरीत गेल्या, काही बंद मैदानांवर आज सौर पॅनल आहेत. तुमच्याकडे नव्या सभासदांची प्रवेश फी चालू पगारात घालतात का, ते ताळेबंदात शोध. घालत असतील तर ती वेगळ्या खात्यात काढून घे. बंकरची, म्हणजे मैदानातल्या वाळूच्या खड्ड्यांची, वाळू पाच-सात वर्षांनी बदलावी लागते, सिंचनाचे पाइप वीस-पंचवीस वर्षांनी. त्याला पैसा तिथूनच येईल.

पंधरा टक्के काढायचेच असतील तर रफमधली, म्हणजे कडेच्या उंच गवतातली, कापणी कमी कर, जिथे चेंडू सहसा जात नाही तिथलं गवत वाढू दे, आणि खेळात न येणारे दोन-तीन बंकर बुजव. हाताने रेक मारण्याचे तास वाचतात.

उद्या सकाळी कापणीआधी सखल ग्रीनवर सुरीने वीतभर खोल पाचर काढ, शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठव. मुळाकाड्यांचा तपकिरी थर 12 मिमीच्या वर दिसला तर वाळूचे दर आताच मागव, एप्रिलमध्ये सुकी वाळू मागशील त्या भावाला मिळणार नाही.

तुझा,
बाबा