जिताड्याचा कल्ला, शिंगाळ्याचा काटा आणि तुझी खरेदीची यादी

प्रिय सच्या,

गळाने मासे धरायच्या सामानाची तुझी यादी मिळाली, लिंकापण सगळ्या उघडून बघितल्या. माशाच्या ओठाला धरायची ग्रिप, तिलाच जोडलेला वजनकाटा, केव्हलरचे ग्लोव्हज, दोन प्रकारची नेट, ते पिस्तुलासारखं गळ काढायचं यंत्र, एवढं सगळं आहे आणि पक्कड मात्र नाही, ती म्हणे घरातली चालेल! अरे बाबा, बाकी सगळं राहू दे पण पक्कड चांगली घे. दुकानवाला काय विकतोय ते बघून यादी केलीस तू, आमच्या खाडीत जो मासा लागतो तो कुठून मारतो ते बघून यादी करायची असते.

घरातल्या पकडीचं तोंड आखूड आणि जाड असतं, आणि गळ बऱ्याचदा आत, घशाजवळ बसलेला असतो, मग तिथपर्यंत पोचायला बोटं दातांत घालावी लागतात आणि नेमकं तेच तर टाळायचंय. लांब निमुळत्या तोंडाची नोज प्लायर घे, तोंड जरा वाकडं असलेली मिळाली तर अजून बरं. खाऱ्या पाण्यात स्टेनलेस म्हणून विकलेल्यालाही तांबूस डाग पडतातच आणि सांधा जाम होतो, तेव्हा घरी गेल्यावर गोड्या पाण्याने धुवायची, पुसायची, सांध्यात थेंबभर तेल. आणि दोरीने कमरेला बांधायची. जेट्टीवरून पक्कड पाण्यात पडली की तिचा नाद सोडायचा.

दुसरी वस्तू कटर. हा मी मुद्दाम वेगळा धरतो. प्लायरच्या बुडाला असतो तो कटर दोरा कापायला ठीक आहे, जाड गळ त्याने कापला जाईलच असं नाही. तू ल्युअर, म्हणजे नकली आमिष, वापरणार, त्याला तीन तोंडांचे गळ, म्हणजे एक तोंड माशात आणि दुसरं तुझ्या बोटात असा प्रसंग येऊ शकतो, मासा तडफडतोय आणि प्रत्येक झटक्याला तुझं बोट ओढलं जातंय, अशा वेळी आधी मासा आणि बोट यांच्यातला गळ तोडायचा, बाकीचं नंतर. म्हणून विकत घेतल्यावर घरी बसून तुझ्या पेटीतला सगळ्यात जाड गळ त्याने कापून बघ, वर फडकं धरून, कारण तुकडा उडतो. नाही कापला तर परत कर. बोटात गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आत गेला असेल तर ओढाओढी करू नये, डॉक्टरकडे जावं, आणि डोळ्याजवळ असेल तर हातही लावायचा नाही.

खरं तर पकडीने गळाचा उलटा काटा आधीच दाबून सपाट करून टाक. माशातूनही पटकन निघतो आणि माणसातूनही. मासा सुटेल म्हणशील तर दोरा सैल सोडला नाहीस तर सहसा सुटत नाही. आणि गळ फारच खोल गिळलेला असेल आणि मासा सोडून द्यायचा असेल तर खणत बसू नको, तोंडाजवळ दोरा काप आणि सोड, आतड्यातून ओरबाडून काढलेल्या गळापेक्षा आत राहिलेल्या गळाने मासा जगायची शक्यता जास्त असते, हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय.

आता ग्रिप. जिताड्यासाठी ती उपयोगाची आहे हे मान्य, कारण जिताड्याला मोठे दात नाहीत, तोंड नुसतं खरखरीत, पण कल्ल्याच्या झाकणाची कड म्हणजे ब्लेड, दोरा कापतो तिथे बोटाचं काय. कल्ल्यात बोटं घालून मासा उचलायची फोटोवाली पोझ जिताड्याला चुकूनही करू नकोस. पण ग्रिपला लावून मासा उभा लटकवायचा आणि काट्यावर वजन बघायचं हे मला पटत नाही. ऑस्ट्रेलियात हाच मासा बारामंडी म्हणून ओळखतात, तिथे २००९ साली अशा ग्रिपांवर अभ्यास छापून आलाय, त्यात जबड्याखालच्या पातळ पडद्याला भोकं पडलेली दिसली. पाण्यात त्याचं सगळं वजन पाणी पेलत असतं, हवेत तेच वजन जबड्यावर आणि कण्यावर येतं, मोठ्या माशाला तर जास्तच. तेव्हा ग्रिप एका हातात, दुसरा ओला हात पोटाखाली, मासा आडवा. वजन करायचंच असेल तर नेटसकट कर आणि नेटचं वजा कर. खायचाच असेल तर मात्र हा प्रश्नच नाही, मग लटकव.

पण आपल्या खाडीत तुला जिताड्याआधी शिंगाळा लागणार हे लिहून घे. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांना एकेक असे तीन काटे, बाहेर काढल्यावर तो ते ताठ करून अडकवून ठेवतो, कडेला करवतीसारखे दाते आणि वरच्या त्वचेत विष. तुझे केव्हलरचे ग्लोव्हज सुरी घासली तर वाचवतील, टोक घुसायला आलं तर त्यांचा भरवसा नाही, विणकामातून काटा सरळ आत. त्याला खाली ठेव, ओलं जाड फडकं टाक, डोक्यामागे काठीने नाहीतर रॉडच्या मुठीने हलकं दाबून धर आणि लांबूनच पकडीने गळ फिरवून काढ. खायला न्यायचा असेल तर मारल्यावर तिन्ही काटे पकडीनेच मोडून टाक, कोळी लोक पिशवीत टाकायच्या आधी तेच करतात. त्यातले जुने लोक त्याला परांच्या काट्यांच्या मागून बोटांच्या बेचक्यात असा काही सफाईने धरतात की बघत राहावं, पण ते तू आता करू नकोस. चपलेने लाथ मारून पाण्यात ढकलायचं तर अजिबात नाही, रबरी चप्पल भेदून काटा तळव्यात जातो.

लागलाच तर हळद-चुना काढत बसू नको. जखम धुवायची आणि ती जागा गरम पाण्यात बुडवून ठेवायची, सोसेल इतकं गरम, साधारण ४० ते ४५ अंश, अर्धा तास ते दीड तास, पाणी निवलं की बदलत राहायचं. हे विष प्रथिनांचं, उष्णतेने मोडतं, म्हणून ठणका उतरतो. फक्त पाणी चांगल्या हाताने तपासायचं, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही आणि लोक भाजून घेतात. त्यानंतर डॉक्टरकडे, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि आत तुकडा राहिलाय का ते बघायला. सूज वाढली किंवा ताप आला तर त्याच दिवशी जायचं, खाऱ्या पाण्यातली जखम चिघळते तेव्हा फार पटापट चिघळते, शुगरवाल्यांनी तर जास्तच जपावं. म्हणून माझ्या पिशवीत थर्मासमध्ये गरम पाणी असतं. सगळे चहा समजतात.

पाखट लागली तर हिरोगिरी नको, शेपटीवरचा काटा ती वर वळवून मारते, लांबूनच दोरा कापायचा. केंड लागला, तो फुगणारा, तर त्याच्या चोचीपासून बोट लांब ठेव, गळसुद्धा कुरतडतो. त्याला सोडून दे, घरी नेऊ नको, त्याचं विष शिजवून जात नाही.

नेट एकच घे, रबराची किंवा रबर चढवलेली, बिनगाठीची. गाठीच्या नायलॉनमध्ये माशाचा बुळबुळीतपणा खरवडला जातो, आणि तो त्याचा संरक्षणाचा थर आहे, तो गेला की सोडलेल्या माशाला नंतर जंतू धरतात. शिवाय तिहेरी गळ त्या जाळीत असा काही गुंततो की सोडवता सोडवता अंधार पडतो. कोरडा टॉवेल, कोरडे ग्लोव्हज हेही त्याच कारणाने वाईट, हात आधी ओले कर. तू लोणावळ्याकडे महासीरच्या गोष्टी करत होतास ना, तिथल्याच वळवणला टाटांनी इतकी वर्षं खडशीची, म्हणजे महासीरचीच, पिल्लं वाढवली, तसला मासा कधी हातात आला तर तो पाण्याबाहेर जितका कमी वेळ तितकं बरं, फोटोसाठी मोबाईल आधी काढून ठेव आणि मग मासा उचल.

खायच्या माशाचं वेगळं. तडफडत ठेवू नको, डोक्यात ठोसा, मग कल्ले कापून रक्त काढायचं आणि बर्फात. नुसत्या बर्फावर ठेवण्यापेक्षा बर्फात थोडं समुद्राचं पाणी घाल, मासा चारी बाजूंनी लवकर गार होतो. बांगड्याच्या बाबतीत तर आळस नकोच, उन्हात राहिला की त्यात हिस्टामीन तयार होतं, ते तळूनही जात नाही, अंगावर चट्टे उठतात आणि लोक म्हणतात मासा बाधला.

तर ते पिस्तूल रद्द कर, वजनकाटा रद्द, एक नेट रद्द. ग्लोव्हज घेतलेस तर बर्फ आणि मासे साफ करायला उपयोगी पडतील. ग्रिप सावकाश घेऊ, माझी वापरून बघ आधी. वाचलेल्या पैशांत चांगल्या तळव्याचे बूट घे, रेवदंड्याच्या खडकावर शेवाळ आहे आणि तू उधाणाला येणार म्हणतोयस.

आणि वहिनींना विचारून ठेव, शिंगाळ्याचं कालवण चालतं का. काहींना तो वास सोसत नाही, मग मी आदल्या दिवशीच बाजारातून बोंबील आणून ठेवतो.

तुझा,
बंड्या