तुझे एंटर अजून छळतात

दादर, १२ ऑक्टोबर

प्रिय मध्या,

तब्येत बरी, बीपी गोळीवर. पुढे.

मंडळाच्या जुन्या दिवाळी अंकांची ई-पुस्तकं करायचं घाटतंय. पोरांनी पीडीएफमधला श्रीलिपीचा, म्हणजे जुन्या फॉन्टांतला मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये (आताच्या सगळीकडे चालणाऱ्या लिपीसंकेतात) आणला, कॅलिबर या ई-पुस्तकांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल केली आणि कौतुकाने माझ्यापुढे धरली. पाहतो तर 'दुसर्या', 'वार्यावर', 'कुर्हाड'! पोरांना त्यात वावगं काही दिसेचना. हे दुखणं तुलाच कळेल. आपल्या प्रेसमधल्या अण्णांनी तर प्रूफं तोंडावर फेकली असती.

र, हलन्त (पाय मोडल्याची खूण), य असा सरळ क्रम पडला की य-वर रफार चढतो. तिथे नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ हवा, मग 'दुसऱ्या' नीट उमटतं. पण सगळीकडे एकदम बदलायला जाशील तर सूर्य आणि कार्य कामातून जातील. म्हणून कॅलिबरच्या एडिटरमध्ये रिपोर्ट्स उघडायचे, तिथे पुस्तकातल्या सगळ्या शब्दांची यादी मिळते. तीत 'र्य' आणि 'र्ह' शोधायचं नि एकेक शब्द निवडून बदलायचा. तरी 'आचार्यांना' उरतोच. पंगतीच्या लेखात तो आचारी, विनोबांवरच्या लेखात आचार्य. तिथे वाचूनच ठरवावं लागतं, नाहीतर विनोबांच्या हाती झारा.

दुसरा ताप ओळींचा. छापील ओळ संपली की परिच्छेद तुटतो. आधी पानाच्या माथ्यावरची नावं आणि पृष्ठांक काढायचे, मगच ओळी जोडायच्या. उलट केलंस तर 'दिवाळी अंक ४७' वाक्याच्या पोटात जाऊन बसतो. ज्या ओळीअखेर पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह किंवा मिटणारं अवतरण नाही, ती पुढच्या ओळीला जोडायची. कॅलिबरमधली 'ह्युरिस्टिक प्रोसेसिंग' नावाची सोय हे अंदाजाने आपोआप करू पाहते, पण सरसकट लावली तर कविता गद्य होण्याची भीती. कवितांच्या अंकाला मी ती बंदच ठेवायला सांगितलीय. शिवाय तुझे एंटर! ओळ खाली ढकलायला चार-चार मारायचास, त्यावरून आपलं किती वाजलं होतं. तेच आता रिकामे परिच्छेद होऊन उभे आहेत. हे एकदा तरी कबूल कर.

बाकी किरकोळ. अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असेल तर शिरोरेषा तुटते, ते शून्यावर. ओळीची उंची पॉइंटांत बांधू नये, अक्षर मोठं केलं की वरखालच्या मात्रा-उकार एकमेकांत घुसतात, नुसती १.५, म्हणजे अक्षराच्या दीडपट ठेवावी. आणि पुस्तकाची भाषा मराठी नोंदवायची, नाहीतर फॉन्टात सोय असूनही ल आणि श हिंदी वळणाचे येतात. नलूताईंना तेवढंच खुपेल बघ.

वहिनींचा गुडघा कसा आहे? पिंट्याचं जमलं का? डोंबिवलीला येतो एकदा, मेगाब्लॉक नसलेला रविवार बघून.

मुख्य काम राहिलंच. प्रेसमधल्या, पेजमेकर सॉफ्टवेअरमध्ये लावलेल्या पानांच्या सीड्या तुझ्याकडे आहेत ना? असतील तर त्यातले फॉन्टही शोध. मूळ फॉन्ट कोणता ते कळलं नाही तर कन्व्हर्टर कोणत्या खुणेला कोणतं अक्षर याचा भलताच तक्ता लावतो, आणि मग जोडाक्षरं हातानेच भरत बसावी लागतात. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत बघ आधी.

तुझा,
बंड्या