धाकटीला नाटकाची पदवी घ्यायचीय, त्याबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न.

दादाचा फोन येऊन गेला. त्याच्या आदल्या दिवशी आईचा आला होता, आणि त्याच्याही आधी बाबांचा, ‘सहजच केला’ म्हणत. तिघांचं म्हणणं एकच. दादाच्या धाकट्या मुलीने नाट्यकलेच्या पदवीचा हट्ट धरलाय, तर तिला चार गोष्टी मी समजावून सांगाव्यात. अख्ख्या घराण्यात ही पदवी घेतलेली मी एकटी, आणि पोरीला तिच्यापासून परावृत्त करायला तुम्ही मलाच नेमताय! फोनवर हे बोलायला गेले की आईचा गळा दाटतो आणि बाबा फोन तिच्याकडे देऊन मोकळे होतात. म्हणून लिहूनच पाठवतेय. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा, म्हणजे आईला चष्मा शोधावा लागणार नाही.

आधी बाबांचा मुद्दा. ‘नाटक खुशाल करावं, पण त्याची पदवी कशाला? अभिनय रक्तात असतो, नाहीतर नसतो.’ बाबा, हा वाद तुमच्याही जन्माच्या आधीचा आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज पियर्स बेकर नावाचे प्राध्यापक होते, नाट्यलेखनाचा वर्ग घ्यायचे. नामवंत नाटककार युजीन ओनील त्यांच्याच वर्गात बसलेला. एवढं असूनही विद्यापीठ या विषयाला पदवीचा दर्जा देईना. शेवटी १९२५ मध्ये बेकर येल विद्यापीठात निघून गेले आणि तिथे त्यांनी नाट्यविभाग उभा केला. त्याच्या आधी, १९१४ पासूनच, पिट्सबर्गच्या कार्नेगी टेकमध्ये नाटकाची पदवी मिळायला लागली होती. तेव्हा ‘विद्यापीठात नाटकाचं काय काम’ हे भांडण विद्यापीठांचं आपापसांत केव्हाच होऊन गेलंय.

राहिलं रक्ताचं. समजा, अभिनय रक्तात असतो. पण ही पदवी एकट्या अभिनयाची नसतेच, आणि हे मी इतकी वर्षं सांगूनही आपल्या घरात कोणाला पटलेलं नाही. पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळं करावं लागतं. श्वास आणि आवाज, शरीराच्या हालचाली, नाटकाचा इतिहास, संहितेचं विश्लेषण, आणि वर्कशॉपमध्ये करवत. मुख्य भूमिका करायच्या म्हणून आलेली मुलं लाकडाच्या चौकटींवर कापड ताणत बसतात, दुसऱ्याच्या प्रयोगात विंगेतून खुर्च्या आत-बाहेर करतात. काहींना तो अपमान वाटतो. ती पहिल्या वर्षानंतर बहुधा दिसत नाहीत.

बाबांना आवडेल असं एक सांगते. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात दुसराच अध्याय नाट्यगृह कसं बांधावं यावर आहे. रस, भाव, अभिनय हे सगळं पुढे. आधी जागा, मग खांब, मग मापं. माणसांसाठीचं नाट्यगृह चौसष्ट हात लांब, बत्तीस हात रुंद असावं. त्याहून मोठं केलं तर बोललेलं नीट ऐकू येणार नाही आणि चेहऱ्यावरचे भाव दिसणार नाहीत, असं कारणही तिथेच दिलंय. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार धीर आला होता. म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसाची काळजी हा या शास्त्राचा पायाच आहे. प्रेक्षकाला ऐकू येत नसेल तर रक्तातला अभिनय रक्तातच राहतो.

आणि प्रेक्षक जिवंत घरी गेला पाहिजे, ही तर त्याहून मोठी काळजी. ३० डिसेंबर १९०३. शिकागोमधलं इरोक्वॉय थिएटर अगदी नवीन होतं, ‘संपूर्ण अग्निरोधक’ अशी त्याची जाहिरातही झाली होती. सुट्टीतला दुपारचा प्रयोग, प्रेक्षागृह बायका-मुलांनी खच्चून भरलेलं. रंगमंचावरच्या आर्क दिव्यापासून कापडी झालरीने पेट घेतला. आग अडवायचा पडदा खाली येता येता मध्येच अडकला. बाहेर पडायचे कितीतरी दरवाजे कुलूपबंद होते, किंवा लोकांना उघडताच आले नाहीत. सहाशेहून जास्त माणसं गेली. अशा आगींमधूनच आजचे नाट्यगृहांचे नियम आले. म्हणून अठरा वर्षांच्या पोरांना शिडी कशी धरायची, टांगलेल्या दिव्याला सुरक्षेची साखळी का लावायची, बाहेरच्या दारापुढे एक पेटीसुद्धा का ठेवायची नाही, हे आधी शिकवतात. शेक्सपिअर नंतर. आई, तू म्हणतेस ना, ‘नाटकवाली मुलं बेफिकीर होतात’? मी आजही कुठल्याही सभागृहात गेले की बसायच्या आधी बाहेर पडायची दारं बघते. दादाला ते विचित्र वाटतं.

माझ्या पदवीच्या काळात तुम्ही दोघं एका प्रयोगाला आला होतात. मी कधी येते म्हणून आई शेवटपर्यंत रंगमंचाकडे डोळे लावून बसली होती, आणि मी आलेच नाही. मी तुमच्या पाठीमागे, वरच्या काचेच्या खोलीत होते. त्या नाटकाची रंगमंच व्यवस्थापक. पुढ्यात संहितेची जाडजूड फाइल, एका पानावर संवाद, शेजारच्या पानावर प्रत्येक प्रकाशबदल, प्रत्येक आवाज, कोण कुठून कुठे जातं ते, सगळं पेन्सिलने, कारण तालमीत ते रोज बदलतं. कानाला हेडसेट. ‘लाइट बावीस, स्टँडबाय,’ असं मी म्हणायचं. पलीकडून दिवेवाल्याने ‘स्टँडबाय’ म्हणायचं. मग नटाचा नेमका शब्द आला की ‘गो’. तो शब्द त्या लाइनवर दुसऱ्या कशासाठीही उच्चारायचा नाही, गप्पांतसुद्धा नाही. चुकून तोंडातून गेला तर रंगमंचावर भरदुपारी रात्र होईल.

त्याच्या आधीची टेक्निकल तालीम तर बघण्यासारखी असते, म्हणजे बघणाऱ्याला अत्यंत कंटाळवाणी. संवाद गाळत एका क्यूवरून, म्हणजे दिवा किंवा आवाज बदलायच्या खुणेवरून, थेट पुढच्या क्यूवर जायचं. एक दिवा दोन सेकंदांत विझवायचा की चार, यावर अर्धा तास जातो. नट आपापल्या जागी उभे, कोणाचा पाय अवघडलेला, कोणाची दाढी सुटायला आलेली. चिडायची मुभा कोणालाच नसते आणि सगळेच चिडलेले असतात. तिथे मला कळलं की मला नटी व्हायचं नाहीये. हे तुम्हाला तेव्हाच सांगितलं असतं तर तुम्ही ‘मग पदवी सोड’ म्हणाला असतात, म्हणून नाही सांगितलं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

अभिनयाच्या वर्गातही शिकायला होतंच की. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीच्या अभिनयपद्धतीचा गाभा मला एवढाच कळला, की ‘दुःखी दिस’ असं नटाला सांगून काही होत नाही. या माणसाला आत्ता, या क्षणी काय हवंय आणि आड काय येतंय, ते शोधायचं. दुःख आपोआप येतं, किंवा येत नाही, आणि मग कळतं की प्रवेशच नीट समजलेला नाही.

आता माझ्या नोकरीविषयी. आई सगळ्यांना सांगते, ‘ती हॉस्पिटलात डॉक्टरांना शिकवते.’ आई, हे इतकं खोटं नाहीये की मी दुरुस्त करावं. १९६३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने एका निरोगी व्यक्तीला रुग्णाचं सोंग शिकवलं आणि तिला वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर बसवलं. आज परीक्षेसाठी असे ‘रुग्ण’ तयार करणं हे रीतसर काम आहे, आणि मी तेच करते. पोट कुठे दुखतंय, कधीपासून, डॉक्टरने विचारलं तरच कोणती गोष्ट सांगायची, न विचारता कोणती चुकूनही सांगायची नाही. सकाळच्या पहिल्या विद्यार्थ्यापुढे जेवढं दुखलं तेवढंच संध्याकाळच्या शेवटच्यापुढे दुखलं पाहिजे, नाहीतर परीक्षा न्याय्य होत नाही. हे मला कोणत्या पदवीने शिकवलं असेल, बाबा?

पण मी तिच्या बाजूने वकिली करतेय असं समजू नका. दादाची धास्ती खरी आहे. अभिनयावर बारमाही पोट भरणारे थोडे, आणि पदवी असली म्हणून ऑडिशनला कोणी वेगळी खुर्ची देत नाही. नकार ऐकणं हा त्या धंद्याचा रोजचा भाग, तिची ती तयारी आहे का हे मला माहीत नाही. शिवाय पदव्याही एकसारख्या नसतात. बीए असेल तर नाटकाबरोबर दुसरे विषय भरपूर घेता येतात. बीएफए, म्हणजे ललित कलेची पदवी, असेल तर बहुतेक वेळ कलेलाच जातो आणि प्रवेशासाठी बहुधा ऑडिशन किंवा कामाचे नमुने लागतात. मला विचाराल तर तिने बीए घ्यावी, सोबत दुसरा एखादा भक्कम विषय. ती म्हणेल, आत्याने पण हेच सांगितलं. म्हणू दे.

दादाला सांगा, कॉलेज बघायला गेला की इमारतीकडे आणि भिंतीवरच्या फोटोंकडे बघू नकोस. विचार, की मोठ्या भूमिका पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाच जातात का? पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रयोगांत कोणतं काम मिळतं? शिकवणाऱ्यांपैकी आज प्रत्यक्ष नाटक करणारे कोण? विद्यार्थ्यांना स्वतःचं नाटक बसवायला जागा आणि वेळ देतात का? जिथे उत्तरं देताना अळंटळं होईल, तिथून सरळ परत यायचं. आणि कर्ज काढून जायचं असेल तर हप्ता किती वर्षं भरायचा, हे कागदावर मांडून तिला दाखवायचं. तिला हिशेब कळतो. आपणच तिला अजून लहान समजतो.

मी तिला एकच अट घातलीय. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी कुठल्याही हौशी संस्थेच्या एका नाटकाला, भूमिका न करता, पहिल्या तालमीपासून सेट मोडेपर्यंत पडद्यामागे काम करायचं. टेक्निकल तालमीनंतरही तिला तिथेच थांबावंसं वाटलं, तर आपण कोणीही मध्ये पडायचं नाही. कंटाळून आली तर तो निर्णयही तिचाच. ती कबूल झाली, जरा जास्तच पटकन. मला वाटतं तिला अजून कल्पना नाहीये.

बाबा, तुमच्याकडून एक हवंय. रविवारी ती तुमच्याकडे येईल. ‘नाटकात काय ठेवलंय’ असं सुरू करू नका. तिने नुकतंच सोफोक्लिसचं ‘अँटिगनी’ हे जुनं ग्रीक नाटक वाचलंय आणि त्यातल्या राजाचा तिला भयंकर राग आलाय. तुम्ही राजाची बाजू घ्या, तुम्हाला जमेल. श्रवणयंत्र लावूनच बसा, ती भरभर बोलते. आणि आई, त्या दोघांचं भांडण मिटवायला मध्ये जाऊ नकोस.

पुढच्या महिन्यात परीक्षा आहेत, त्या उरकल्या की येते. बाबांच्या डोळ्यांच्या तपासणीची तारीख कळव, त्याप्रमाणे रजा टाकते.

तुमची,
मधली