जुन्या छायाचित्रांमागची नावे लिहून ठेवा

महोदय,

फोंडा तालुक्यातील आमचे जुने घर पावसाळ्यापूर्वी आवरताना पणजोबा-पणजीचे छायाचित्र सापडले. पणजोबांच्या अंगात कोट, खाली धोतर, डोक्यावर पागोटे, हातात जाडजूड पुस्तक. बुटांमागे लोखंडी आधाराचा पाया किंचित डोकावतो. त्या काळी प्रतिमा उमटायला वेळ लागे, म्हणून मान हलू नये यासाठी असा आधार मागे लावत.

पॅरिसचे छायाचित्रकार दिस्देरी यांनी १८५४ साली एकाच काचेवर अनेक छोट्या प्रतिमा घेण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि तैलचित्र परवडणाऱ्या सरदार-जमीनदारांपुरते असलेले व्यक्तिचित्र हळूहळू व्यापारी-कारकुनांच्याही आवाक्यात आले. पणजोबांशेजारचे कोरीव टेबल शेजाऱ्यांच्या छायाचित्रातही आहे, म्हणजे ते स्टुडिओचेच. तरीही मी याला खोटा थाट म्हणणार नाही. पोर्तुगीज अमलातील कचेरीत चालणारा कोट आणि आपल्या समाजात मान देणारे पागोटे एकाच वेळी धारण करणारा हा माणूस, आपल्याला कसे ओळखले जावे हे स्वतः ठरवत होता.

पणजी मात्र नथ, पाटल्या, गोठ असे सगळे दागिने लेवून खुर्चीमागे उभी आहे आणि मागच्या पुठ्ठ्यावर तिचे नावच नाही. याची फार खंत वाटते.

गोव्यातील दमट हवेत अशी छायाचित्रे बुरशीने झपाट्याने जात आहेत. पुराभिलेख खात्याने आणि गावोगावच्या वाचनालयांनी त्यांच्या डिजिटल प्रती घेऊन, घरातील वडीलधाऱ्यांना विचारून प्रत्येक व्यक्तीचे, विशेषतः स्त्रियांचे, नाव नोंदवावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, फोंडा