दसऱ्याआधीची कामं : सोमवारपासून कोण कुठं

राम राम मंडळी, दसऱ्याआधीची रंगाची कामं एकदमच अंगावर आल्यात म्हणून आधीच सांगतोय, वाचून झालं की खाली नाव टाका.

राजारामपुरीचा फ्लॅट : चौघं, सकाळी ९ ला. घरात आजारी आजी आहेत, तवा एकावेळी एकच खोली रिकामी करायची, पॉलिश पेपर मारताना दार बंद आणि दाराखाली ओलं फडकं.

कळंब्याचा बंगला : बाकी सगळे, ८ ला. परतीचा पाऊस बहुतेक दुपारनंतर गाठतोय, त्यामुळं बाहेरची भिंत सकाळी, जेवण झालं की आतलं काम. गेल्या महिन्यात ओल्या भिंतीवर प्रायमर मारला, आठ दिवसात नखानं पापुद्रा निघाला आणि सगळं परत करून द्यावं लागलं, लई जीवाला लागलं ते. पुट्टीचा पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा नाही, मालक कितीही घाई करूदेत.

- उंचावर बेल्टशिवाय कुणी चढायचं नाही
- कस्टमरला परस्पर तारीख देऊ नका, आधी मला फोन
- सुट्टी पाहिजे तर आदल्या दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत सांगा

रविवारी ६ ला उद्यमनगरच्या गोडाऊनवर या, शिड्या, रोलर तिथंच वाटून घेऊ आणि मागचा हिशोबपण त्याच दिवशी देतो.