चिखलाचा रस्ता आणि जाम झालेलं चाक

मा. संपादक,
स. न.

दारव्हा तालुक्यात माझं दुचाकी दुरुस्तीचं दुकान आहे. पावसाळ्यात पांदणीतून, म्हणजे शेताच्या कच्च्या वाटेतून, निघालेले ट्रॅक्टर काळी माती डांबरी रस्त्यावर आणतात आणि घसरलेल्या गाड्या माझ्याकडे येतात. वाकलेलं हँडल, तुटलेला फूटरेस्ट आणि मागच्या टायरवर एकाच जागी घासून झालेला चपटा डाग. तो डाग सांगतो की ब्रेक करकचून दाबला होता आणि चाक जाम झालं होतं.

चाक फिरतं तोवर टायरचा रस्त्याला टेकलेला भाग घसरत नाही. तिथे स्थितिक घर्षण पकड देतं. चाक जाम होऊन टायर फरफटू लागला की गतिक घर्षण उरतं, ते कमी असतं. कापसाचं गाठोडं ओढताना पहिला हिसका जड जातो, मग ते सरकतं, तसंच हे.

कोरड्या काँक्रीटवर रबराचा गतिक घर्षणांक (घसरताना पकड किती उरते, ते सांगणारा आकडा) साधारण ०.८, ओल्यावर ०.२५. म्हणजे ताशी ४० किमीवर चाक जाम झालं, तर गाडी कोरड्यात ८ मीटर घसरते, ओल्यात २५. चिखलात तर विचारूच नका! एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या दुचाकींना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, पण आमच्या गावांत बहुतेक १०० सीसीच्याच गाड्या. पोरांनो, हँडल सरळ ठेवा, दोन्ही ब्रेक हळूहळू दाबा.

ट्रॅक्टरवाल्यांनी डांबरीवर चढण्याआधी चाकांची माती खरवडावी. ग्रामपंचायतींनी पांदणीच्या तोंडाशी दोन ट्रॉली मुरूम टाकावा, तोही पेरणीआधी.

– एक दुचाकी मेकॅनिक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ